एका ओळीपाशी

हे मनन एका तक्त्याचं आहे. कर्करोग झालेल्या माणसाचं पुढं काय होईल, याचा अंदाज संगणकाच्या मदतीनं बांधू पाहणारे पीएच.डी.चे विद्यार्थी वर्षानुवर्षं ज्या तक्त्यासमोर बसतात, तो तक्ता. सावकाश वाचा. जैवमाहितीशास्त्राशी ओळख नसली तरी अडणार नाही. गुणाकार आणि भागाकार येत असले की पुरे.

तक्ता मोठा आहे. अमेरिकेत २००६ साली ‘द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ हा प्रकल्प सुरू झाला. ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठींचे नमुने त्यात तपासले गेले आणि त्यातली बरीचशी माहिती सगळ्या जगाला खुली झाली. पुण्यातली किंवा खारघरमधली एखादी विद्यार्थिनी आज सकाळी ती आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकते. एक ओळ म्हणजे एक माणूस. एका रकान्यात वय, एकात आजाराची अवस्था, आणि पुढं जवळपास वीस हजार रकाने जनुकांचे: त्या गाठीत कोणतं जनुक किती जोरानं काम करत होतं, त्याचे आकडे.

जनुकांकडे आपण नंतर जाऊ. आधी एक ओळ निवडा. कोणतीही चालेल.

तिच्यात नाव नाही. तारखाही नाहीत. माणसाची ओळख पटू नये म्हणून तारखा काढून टाकलेल्या असतात आणि सगळा काळ दिवसांत मोजलेला असतो. निदान झालं तो दिवस शून्य. पुढचं सगळं धन, मागचं सगळं ऋण. म्हणून जन्माच्या रकान्यात ऋण आकडा असतो. पन्नासाव्या वर्षी निदान झालेल्या बाईचा जन्म उणे १८,२६२ च्या आसपास नोंदलेला दिसेल.

या आकड्याशी थोडा वेळ थांबा. उणे अठरा हजार दिवस. त्यांत तिची शाळा आहे, बाळंतपणं आहेत, नोकरी असेल, कुणाशी तुटलेलं आणि पुन्हा जुळलेलं असेल. यातलं तक्त्यात काही नाही, आणि तो तक्त्याचा दोषही नाही. तो त्यासाठी केलेलाच नाही. पण संशोधन सुरू करताना पहिल्या आठवड्यात हे एकदा मनाशी नीट पाहून घ्यावं, असं मला वाटतं. पुढं हजारो ओळी एका आज्ञेत वाचल्या जातात, आणि तेव्हा एका ओळीपाशी थांबायची सवय आधीच लागलेली असेल तर ती टिकते. नंतर लागत नाही.

आता पुढचा रकाना. तिथं दोनच शक्यता: मृत किंवा जिवंत. मृत असेल तर शेजारी मृत्यूचा दिवस. जिवंत असेल तर शेजारी शेवटच्या भेटीचा दिवस. समजा तुमच्या ओळीत लिहिलंय: जिवंत, शेवटची भेट ७३० व्या दिवशी.

तुम्हाला काय कळलं? ७३० व्या दिवशी ही बाई होती, एवढंच. ७३१ व्या दिवसाबद्दल ही ओळ काहीही सांगत नाही. ती अजून असेल. त्याच महिन्यात गेली असेल. दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवत असेल. संख्याशास्त्रात अशा ओळीला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. कर्करोगाच्या तक्त्यांत अशा ओळी थोड्याथोडक्या नसतात. स्तनाच्या कर्करोगासारख्या आजारात तर बहुसंख्य ओळी अशाच असतात. तेव्हा या विषयातला खरा प्रश्न जनुकांच्या आधी इथंच उभा राहतो: ज्याचं पुढचं ठाऊक नाही, त्याचा हिशोब कसा धरायचा?

दहा जणी घ्या. वर्षभरानं एक गेली. दहातल्या नऊ उरल्या, म्हणजे ०.९. मग एक जण यायची थांबली. त्यानंतर आणखी एक गेली. आता दहातल्या किती जगल्या?

उत्तराची घाई नको. न आलेली बाई जिवंत धरली तर ८० टक्के. ती गेली असं धरलं तर ७० टक्के. तिची ओळच खोडून नऊ जणींचा हिशोब केला तर ७८ टक्क्यांच्या जवळ. तिन्ही उत्तरांत काहीतरी खटकतं. पहिल्या दोन्हींत आपण तिच्या तोंडी न बोललेलं घालतो. तिसऱ्यात तिनं सांगितलेलंही पुसून टाकतो, कारण ती एक वर्षाहून जास्त काळ आपल्यासमोर होती आणि ते खरं होतं.

चौथी वाट १९५८ साली छापून आली. पॉल मायर १९५२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते आणि कर्करोगाच्या कालावधीवरचा एक जुना लेख वाचताना या प्रश्नात गुंतले. एडवर्ड कॅप्लन बेल टेलिफोन प्रयोगशाळेत होते. समुद्रतळाशी टाकलेल्या टेलिफोनच्या तारांमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतील, हा त्यांचा प्रश्न होता. दोघांनी स्वतंत्रपणे लेख लिहिले, एकाच नियतकालिकाकडे पाठवले, आणि संपादकांनी सुचवलं की दोघांनी मिळून एकच लिहा. पत्रव्यवहार चार वर्षं चालला. आज कर्करोगावरच्या कुठल्याही शोधनिबंधात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी जी रेषा दिसते, ती या दोघांच्या नावानं ओळखली जाते.

पद्धत अशी. दुसरी बाई गेली तेव्हा आपल्या नजरेसमोर किती जणी होत्या? आठ. त्यातल्या सात उरल्या. मग ०.९ ला सात अष्टमांशानं गुणा. उत्तर ०.७८७५. यायची थांबलेली बाई पहिल्या मृत्यूच्या वेळी दहांत मोजली गेली, दुसऱ्या मृत्यूच्या वेळी तिला मोजलं नाही. तिनं जेवढं सांगितलं तेवढं घेतलं. त्याच्या पुढं तिच्या नावावर एक शब्द टाकला नाही. आलेखावर ती जिथं दिसेनाशी झाली, तिथं एक बारीक उभी रेघ असते. त्या जागी रेषा खाली उतरत नाही.

त्या बारीक रेघेकडे पाहत राहा. या सगळ्या संशोधनात मला सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच: ठाऊक आहे तेवढं पूर्ण घ्यायचं आणि ठाऊक नाही तिथं थांबायचं. पुढं १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी वय, अवस्था, जनुकं यांचा मृत्यूच्या जोखमीशी संबंध जोडणारं समीकरण दिलं; आताची न्यूरल नेटवर्क्स त्याहून कितीतरी गुंतागुंतीची आहेत. पण बारीक रेघेचा हा संयम सगळ्यांनाच पाळावा लागतो.

संयमाच्या आड एक गृहीतक मात्र दडलेलं आहे आणि त्यावर आपण थोडं जास्त रेंगाळू. या हिशोबात असं धरलेलं असतं की जे यायचे थांबले त्यांचं पुढचं नशीब, जे येत राहिले त्यांच्यासारखंच आहे. हे खरं आहे का?

हे पाहण्यासाठी तक्ता सोडून परळला यावं लागेल. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून तिथं आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहारमधून, ईशान्येकडून माणसं येतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. हातात केस पेपरांची पिशवी, सोबत एक नातेवाईक. फॉलो-अपची तारीख मिळते. ती तारीख पाळायला तिकीट लागतं, सोबतीला येणाऱ्याचा खाडा लागतो. आता मनाशी विचारा: या रांगेतलं कोण यायचं थांबेल? एक तर ज्याला बरं वाटतंय आणि ज्याला खर्च नको वाटतोय. दुसरा, ज्याला आता प्रवास झेपत नाही. शेवटचे दिवस घरी काढायला जो गावी गेला, त्याचा मृत्यू रुग्णालयाच्या फायलीत येत नाही. तिथं त्याची शेवटची नोंद जिवंत अशीच राहते. असे पुष्कळ असतील तर कागदावरची रेषा प्रत्यक्षापेक्षा वर दिसते, आणि आपण समजतो की उपचार चालले. टाटा रुग्णालयातल्या संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात या गळतीचा हिशोब दुरुस्त करण्यावर काम केलं. गणितानं ती काही अंशी दुरुस्त होते. पण खरी दुरुस्ती माणूस पाठवून होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत ती झाली. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ ची, देशातली पहिली, ती शहराची. खेड्यातल्या कर्करोगाचं चित्र तिच्यात येणं शक्य नव्हतं. १९८७ साली बार्शीला भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिथल्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या आधारानं. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावं. रुग्णालयाच्या फायली चाळून भागणार नव्हतं, कारण आजारी माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण धड लिहिलेलं असेल याची खात्री नव्हती. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. लोकांत बसले. अंगावरून जाणं, न भरणारी जखम, गाठ, ही लक्षणं समजावून सांगितली. कोण आजारी आहे, कोण गेलं, कशानं गेलं, विचारलं. पुन्हा काही महिन्यांनी तिथंच गेले. १९९६ साली या भागातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका किती काळ जगल्या, याचे आकडे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये छापून आले. आणि या बसण्या-बोलण्यातून आणखी एक झालं: बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दाखवायला येऊ लागल्या. मोजायला गेलेल्या माणसांमुळे मोजलं जाणारंच सुधारलं.

बार्शीच्या त्या पाहणीतली एक ओळ आता मनात धरा. शेवटच्या भेटीचा रकाना भरण्यासाठी कुणीतरी एस.टी.नं गेलं, वस्तीपर्यंत चाललं, दारात उभं राहिलं आणि घरच्यांना दुःखद प्रश्न विचारला. संगणकावर ती ओळ वाचायला क्षणाचा हजारावा भागही लागत नाही.

आता जनुकांच्या वीस हजार रकान्यांकडे वळू.

एका प्रकारच्या कर्करोगापुरता तक्ता घेतला तर माणसं काहीशे, रकाने वीस हजार. इथं धोका आहे. एवढ्या रकान्यांत पुरेसा वेळ शोधलं तर काही जनुकं केवळ योगायोगानं मृत्यूशी जुळलेली सापडणारच. म्हणून माणसांचे दोन गट करतात: एकावर शिकायचं, दुसऱ्यावर तपासायचं, आणि तपासणीच्या गटाकडे शेवटपर्यंत पाहायचं नाही. जनुकं निवडताना आधीच सगळ्या तक्त्यावर नजर टाकली आणि मग गट पाडले, तर तपासणी पोकळ होते. आकडे मात्र देखणे येतात. प्रबंधाच्या वर्षांत रात्री उशिरा असे देखणे आकडे पडद्यावर आले की आनंद होण्याआधी भीती वाटली पाहिजे. हे शिकवता येतं, आणि गाइडनं पहिल्या वर्षी शिकवावं.

२००२ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतल्या लॉरा व्हान्ट वीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८ तरुण रुग्णांच्या स्तनाच्या गाठींवरून ७० जनुकांची यादी काढली. ही जनुकं पाहून गाठ दूरवर पसरेल की नाही याचा अंदाज येतो, असं त्यांनी दाखवलं. जगभर उत्साहाची लाट आली. प्रयोगशाळांतून याद्यांमागून याद्या निघाल्या. २०११ साली ब्रसेल्समधल्या व्हेने, ड्यूमाँ आणि देतूर या तिघांनी अशा ४७ प्रसिद्ध याद्या घेतल्या आणि एक साधा प्रश्न विचारला. तेवढीच जनुकं चिठ्ठ्या टाकून निवडली तर? ४७ पैकी २८ याद्या चिठ्ठ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. जेवणानंतरच्या हसण्याशी जोडलेल्या जनुकांची यादीदेखील स्तनाच्या कर्करोगातला मृत्यू ‘वर्तवत’ होती.

असं का व्हावं, यावर मन लावा. गाठीतल्या पेशी किती वेगानं विभागतात, या एका गोष्टीचा ठसा प्रचंड संख्येनं जनुकांवर पडतो. वेग जास्त, धोका जास्त. मग कुठलीही मोठी मूठभर जनुकं उचला, त्यांत त्या वेगाचा अंश सापडतोच. अंदाज बरोबर येतो, पण त्याचं कारण म्हणून सांगितलेली गोष्ट खरी नसते. संशोधनात या दोहोंतलं अंतर फार मोठं आहे. अंदाज बरोबर आला एवढ्यावर जीवशास्त्राचा निष्कर्ष लिहिणारा विद्यार्थी, बारीक रेघेच्या पुढं पाऊल टाकतो आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या यादीचं पुढं काय झालं, हेही पाहायला हवं. युरोपात ६,६९३ स्त्रियांवर चाचणी झाली आणि निकाल २०१६ साली आला. नेहमीच्या लक्षणांवरून धोका जास्त, पण ७० जनुकांवरून कमी, अशा १,५५० जणी निघाल्या. त्यांतल्या काहींना केमोथेरपी दिली नाही. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या ९४.७ टक्के जणींत आजार दूर पसरला नव्हता. केमो घेतलेल्यांहून फरक दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे अनेकींचा केमो वाचू शकतो. ७८ ओळींपासून या वाक्यापर्यंत यायला १४ वर्षं लागली. पीएच.डी.चा काळ त्यापुढे लहान आहे, आणि प्रबंधात कुठलंही जनुक ‘उपयुक्त’ ठरवण्याआधी ही १४ वर्षं आठवावीत.

घाईचं काय होतं तेही याच विषयाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून २००६ साली शोधनिबंध आला: गाठीच्या जनुकांवरून कोणतं औषध लागू पडेल ते सांगता येतं. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी ते गणित पुन्हा करून पाहिलं आणि ते जुळेना. त्यांनी मूळ माहिती एकेक आकड्यानं उलगडली. जनुकांची यादी एका ओळीनं सरकलेली होती. एका ओळीनं! नाव एका जनुकाचं, आकडा शेजारच्याचा. काही ठिकाणी औषध लागू पडणारे आणि न पडणारे यांच्या चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या. हे त्यांनी २००९ साली छापलं, तेव्हा त्या पद्धतीवर विसंबून प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या चालू होत्या. चाचण्या २०१० मध्ये थांबल्या, निबंध मागे घेतले गेले, आणि २०१५ साली सरकारी चौकशीनं माहितीत फेरफार झाल्याचाही निष्कर्ष काढला. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी कोणतंही नवं जनुक शोधलं नाही. त्यांनी दुसऱ्याच्या ओळी सावकाश वाचल्या. माझ्या मते या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत झालेल्या सर्वांत रुग्णहिताच्या कामांत ते बसतं.

आणखी एक गोष्ट, आपल्या दृष्टीनं महत्त्वाची. त्या खुल्या तक्त्यातली बहुतांश माणसं युरोपीय वंशाची आहेत. आपल्याकडचा गालाच्या आतला कर्करोग तंबाखू, सुपारी, गुटखा, मिश्री यांच्याशी बांधलेला आहे. तिकडच्या तोंडा-घशाच्या कर्करोगात सिगारेट, दारू आणि एचपीव्ही विषाणू पुढं असतात. तिकडच्या ओळींवर शिकलेलं मॉडेल इकडच्या माणसाला लावणं म्हणजे पुन्हा न सांगितलेलं त्याच्या तोंडी घालणं. म्हणून २०१३ साली कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून गालाच्या कर्करोगाच्या भारतीय गाठींमधल्या जनुकीय बदलांचा जो नकाशा काढला, त्याला फार मोल आहे. असं काम इथंच व्हायला हवं, आणि कितीतरी वाढायला हवं.

आता शेवटचा आकडा. मॉडेल तयार झालं की ते किती चांगलं, हे एका निर्देशांकानं सांगतात. ०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे अचूक. समजा ०.७ आलं. याचा अर्थ हळूहळू उलगडा. तक्त्यातली दोन माणसं घ्यायची आणि विचारायचं: या दोघांतलं आधी कोण जाईल? ज्या जोड्यांचं खरं उत्तर ठाऊक आहे, त्यांतल्या शंभरापैकी सत्तर जोड्यांत मॉडेल बरोबर निघालं. ज्या जोड्यांत उत्तर ठाऊकच नाही, त्या मोजल्या जात नाहीत. एवढंच. ‘ही बाई किती दिवस जगेल’ या प्रश्नाला हा आकडा हातही लावत नाही. आणि ओपीडीत खुर्चीवर बसलेली बाई नेमकं तेच विचारते.

स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञांना १९८२ साली पोटातला मेसोथेलिओमा झाला. त्या आजारात निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, असं त्यांनी ग्रंथालयात वाचलं. ते आकड्यांत मुरलेले होते. त्यांनी स्वतःला विचारलं: उरलेले निम्मे कुठं आहेत? आठ महिन्यांच्या उजवीकडे रेषा कितीही लांब जाऊ शकते, आणि आपण त्या शेपटीत असू शकतो. १९८५ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. ते २००२ साली गेले, निदानानंतर वीस वर्षांनी, वेगळ्याच कर्करोगानं. गूल्ड वाचले म्हणून आकडा खोटा ठरला नाही. आकडा पहिल्यापासून समूहाबद्दल बोलत होता.

जैवमाहितीशास्त्रात प्रबंध लिहिणाऱ्यांना एक मागणं आहे. आपला कोड आणि आपल्या ओळी दुसऱ्याला तपासता येतील अशा ठेवा, आणि पहिल्या वर्षातला एखादा आठवडा रुग्णालयात फॉलो-अपचे फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याशेजारी बसा.

आणि तुम्हा वाचकांना एक विनंती. घरात कुणाला कर्करोगाचे उपचार झाले असतील आणि वर्षा-दोन वर्षांनी रुग्णालयातून किंवा कर्करोग नोंदणीतून विचारणा झाली, तर फाइल नंबर पडताळून खात्री करून घ्या आणि बोला. माणूस बरा असेल तर तसं सांगा. गेला असेल तर तेही सांगा, तारखेसकट. तारीख आठवत नसेल तर महिना सांगा.